फुलांच्या कारखान्यातला थिनर

चंद्रावती कामाला कुठे जाते, हे बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या सुरिनाम गावातल्या कुणालाही सांगता आलं असतं. ती तिथे काय करते, हे मात्र कुणालाच धड सांगता यायचं नाही. मास्तरीण असती, नर्स असती तर लोकांना कळलं असतं. ती वर पठारावरच्या क्युरपिप शहरातल्या एका छोट्या प्रयोगशाळेत द्रव पदार्थ उकळून बघायची. कोणता पदार्थ किती अंशांवर उकळतो ते मोजायचं, लिहायचं, सही करायची. गावातल्या बायका थट्टेने विचारायच्या की उकळायला एवढं शिकावं कशाला लागतं. चंद्रावती हसायची. समजावून सांगायच्या फंदात पडायची नाही.

शिष्यवृत्ती मिळाली म्हणून ती पोरवयात गाव सोडून क्युरपिपच्या शाळेत गेली, आणि शाळा संपली तरी परत आली नाही. बाप ऊसतोडीला जायचा, तो लवकरच गेला. आई त्याआधीच गेली होती. राहिला थोरला भाऊ बाबूराव, त्याची बायको कुंती आणि त्यांची मुलगी पुष्पावती. चंद्रावतीचं लग्न दोनदा जमत आलं आणि दोन्ही वेळा मुलाकडच्यांनी नोकरी सोडायची अट घातली. तिने भांडण केलं नाही, नुसती तारीख पुढे ढकलत राहिली, आणि मग कुणी विचारेनासं झालं.

क्युरपिपला ती एका म्हाताऱ्या क्रिओल बाईच्या घरामागच्या खोलीत राहायची. तिथे वर्षातले बरेच दिवस पाऊस नाहीतर धुकं. कपाटातल्या चपलांना बुरशी यायची. सुरिनामला लोक उन्हात घामाघूम व्हायचे त्याच दिवशी ही स्वेटर घालून बसची वाट बघत असायची. घरमालकिणीशी क्रिओलमध्ये, बेटावरच्या रोजच्या बोलीत, बोलायचं, गिऱ्हाइकांशी फ्रेंचमध्ये, आणि कागदावर लिहायचं ते इंग्रजीत. मराठी बोलायला कुणी नव्हतं. पुढे बऱ्याच वर्षांनी आमच्या शनिवारच्या मराठी वर्गाला ती यायला लागली, मागच्या बाकावर बसायची. मी वर्ग घ्यायचे. हे सगळं मला तिच्याकडूनच कळलं, तेही तुकड्यातुकड्यांनी. तिने सांगितलं होतं, की थेंब मोजायचे तर ती मराठीतच मोजायची. "ओठ हलायचे," ती म्हणाली, "तेवढीच भाषा वापरात राहायची."

प्रयोगशाळा हरिप्रसाद नावाच्या गृहस्थांची. ते विलायतेत रसायनशास्त्र शिकून आले होते. शांत, जरा कंजूष, पण कामात चोख. रम, साखर, विहिरीचं पाणी, औषधी तेलं, जे येईल ते तपासायचे. हाताखाली चंद्रावती एकटीच. सकाळी दोघं आपापल्या टेबलाशी उभी राहायची आणि दुपारच्या चहापर्यंत एकमेकांशी चार वाक्यंसुद्धा बोलायची नाहीत. चंद्रावतीला त्याचं काही वाटायचं नाही. तिला सवय झाली होती.

१९७९ सालची गोष्ट. एका विमा कंपनीकडून एक तपकिरी बाटली आली. सुरिनामजवळ, सूयाकच्या वाटेवर कापडी फुलं बनवायचा एक कारखाना निघाला होता. युरोपातल्या दुकानांसाठी तिथे गुलाब, ट्यूलिप, लिली बनायच्या. पाकळ्या चिकटवायला लागणारा डिंक ज्या थिनरने पातळ करायचे, तो या बाटलीत होता. कारखान्याचा विमा उतरवण्याआधी आगीचा धोका किती आहे ते कंपनीला हवं होतं. थिनर पुरवणाऱ्याने लिहून दिलं होतं, की हा द्रव एकशे दहा अंशांच्या वर उकळतो. ते खरं आहे का, एवढंच पाहायचं होतं.

बाटलीवरची चिठ्ठी वाचून चंद्रावती थबकली. या कारखान्यात पुष्पावती कामाला होती.

पुष्पावती तेव्हा एकोणीस-वीस वर्षांची असेल. शाळा सुटल्यावर ती घरात बसून कंटाळली होती, आणि कारखाना निघाल्यावर गावातल्या मुलींच्या घोळक्याबरोबर ती पण गेली. चंद्रावतीला ती कामाबद्दल सांगायची. गोळ्याच्या आकाराची तापलेली इस्त्री पाकळीत दाबली की पाकळीला खोलगटपणा येतो, तशा पाकळ्या एकावर एक चिकटवल्या की गुलाब होतो. संध्याकाळी डोकं दुखतं, असंही तिने एकदा सांगितलं होतं, पण ते सगळ्यांचंच दुखतं म्हणून कुणी मनावर घेत नव्हतं.

चंद्रावतीने कामाला हात लावला नाही. आधी हरिप्रसादांकडे जाऊन सांगितलं, की त्या कारखान्यात माझी भाची आहे, हे काम मी करावं की नाही ते तुम्ही ठरवा. त्यांनी थोडा विचार केला. मग म्हणाले, "तुम्ही करा. नंतर मी वेगळं करीन. दोघांचं जुळलं तर दोघं सही करू."

ती कामाला लागली. गोल बुडाच्या चंबूत थोडा थिनर घेतला. उकळी एकदम उसळू नये म्हणून त्यात फुटक्या चिनीमातीचे चार कपचे टाकले. चंबूच्या मानेत थर्मामीटर बसवलं, बाजूच्या नळीला गार पाण्याची नळकांडी जोडली. आगपेटी, दिवा सगळं लांब नेऊन ठेवलं होतं. एकशे दहाच्या वर जायचंय म्हणून खाली तेलाचं भांडं विजेवर तापत ठेवलं आणि ती स्टुलावर बसली. अजून बराच वेळ आहे असं समजून तिने थर्मामीटरकडे पाहिलं नव्हतं. तेवढ्यात कपच्यांपासून बुडबुड्यांच्या बारीक माळा सुटल्या. तिला वाटलं, आत हवा अडकली असेल. पण माळा वाढत गेल्या, चंबूच्या मानेत ओल चढली, थर्मामीटरच्या टोकाला एक थेंब लोंबायला लागला, आणि नळकांडीतून पहिला थेंब खालच्या पेल्यात पडला. पारा सहासष्टवर होता.

ती उठली आणि तिने सगळं बंद केलं. आपलंच काहीतरी चुकलं असणार, असं तिच्या मनात आलं. तिने थर्मामीटर बर्फात घालून पाहिलं, मग साध्या पाण्याच्या उकळीत धरून पाहिलं. क्युरपिप उंचावर आहे, तिथे पाणी शंभरच्या आधीच, अठ्ठ्याण्णवला उकळतं, आणि तेवढंच थर्मामीटरने दाखवलं. ते चांगलं होतं. दुसऱ्या दिवशी तिने चंबू बदलला, तेलाऐवजी पाण्याचं भांडं घेतलं आणि पुन्हा पाहिलं. सहासष्ट. हरिप्रसादांनी दुपारी आपल्या टेबलावर वेगळं मांडून पाहिलं. त्यांचंही तेवढंच आलं. भिंतीवरच्या वायुभारमापकावर त्या दिवसाचा दाब बघून त्यांनी समुद्रसपाटीचा हिशेब केला. अडुसष्ट.

अडुसष्ट आणि एकशे दहा यांत काय फरक आहे हे चंद्रावतीला कुणी सांगायची गरज नव्हती. जो द्रव इतक्या लवकर उकळतो, त्याची वाफ साध्या उन्हाळ्यातसुद्धा उघड्या डब्यातून सारखी वर येत असते. ती डोळ्यांना दिसत नाही. जमिनीलगत पसरत जाते, टेबलांखाली साचते. आणि त्या खोलीत मुलींच्या हाताशी तापलेल्या इस्त्र्या होत्या.

त्या शनिवारी ती बसने सुरिनामला गेली. पुष्पावती अंगणात केस धूत होती. चंद्रावतीने तिला बाजूला घेऊन सांगितलं, की काही दिवस कामावर जाऊ नकोस, तिथला थिनर बरा नाही, आग लागू शकते. पुष्पावती टॉवेलने केस पुसत हसली.

"आत्या, तू उकळायचं काम करतेस ना, तुला सगळीकडे आगच दिसते."

"मी दोनदा पाहिलं गो. हरिप्रसादांनी पण पाहिलं."

"मग सांगा त्यांना, खिडक्या उघडायला. आम्हाला पण वास येतो. पण उघडल्या की समुद्राचा वारा येतो आणि पाकळ्या उडतात."

बाबूराव ओट्यावर बसून ऐकत होता. तो एवढंच म्हणाला, की ती काम सोडून घरी बसून काय करील, आणि एकटीने सोडलं तर बाकीच्या मुलींना काय सांगायचं. चंद्रावतीने त्यालाही समजावून पाहिलं. सोमवारी पुष्पावती कामाला गेलीच. पण तोवर गावभर झालं होतं, की कारखान्याचा थिनर क्युरपिपला चंद्रावतीकडे तपासायला आलाय.

पुढच्या आठवड्यात कारखान्याचा मॅनेजर प्रयोगशाळेत आला. मध्यम वयाचा, नीटनेटका, बोलायला मऊ माणूस होता. त्याने येताना पिवळ्या गुलाबांची एक पेटी आणली होती, ती चंद्रावतीच्या टेबलावर ठेवली. त्याचं म्हणणं असं, की क्युरपिपला सगळंच लवकर उकळतं, शाळेतली पोरंसुद्धा हे सांगतील, तेव्हा समुद्राकाठच्या कारखान्याला इथला आकडा लावू नये. हरिप्रसादांनी त्याला शांतपणे सांगितलं, की उंचीचा फरक दोन अंशांचा आहे, तो धरलेला आहे, राहिलेले चाळीस अंश उंचीने जात नाहीत. मॅनेजरने वाद घातला नाही. पुरवठादाराने फसवलं असेल, असंही त्याने कबूल केलं. मग त्याने चंद्रावतीकडे पाहिलं.

"मामझेल, तुम्ही सुरिनामच्या ना? या मुली तुमच्याच गावच्या आहेत. विमा नाही मिळाला तर युरोपातला मालक एक दिवस थांबणार नाही."

चंद्रावतीने त्याला सांगितलं, की इस्त्र्या दुसऱ्या खोलीत हलवा. आधी पाकळ्या दाबून घ्या, मग डिंकाचं काम वेगळ्या जागी, उघड्या खिडक्यांत करा. जाळी लावा म्हणजे पाकळ्या उडणार नाहीत. नाहीतर दुसरा थिनर आणा. तो ऐकून घेत होता. दुसरी खोली नाही, जागा भाड्याची आहे, आणि दुसऱ्या थिनरने डिंक वाळायला वेळ लागतो, असं तो म्हणाला. जाताना त्याने पुन्हा एकदा विचारलं, की नुसतं 'कमी अंशांवर उकळतो' एवढं लिहून भागणार नाही का. हरिप्रसादांनी नकाराची मान हलवली. आकडा विचारलाय, तर आकडा द्यावा लागेल.

कागदावर दोघांच्या सह्या झाल्या. खाली एक ओळ होती, की तापलेली उपकरणं आणि हा द्रव एका बंद खोलीत ठेवू नयेत. ती ओळ चंद्रावतीने घालायला लावली होती. तिला वाटत होतं, की ती वाचून ते इस्त्र्या हलवतील आणि काम चालू राहील. ती मला म्हणाली, की सही करताना तिला भीती वाटली नाही, कारण तिला खरंच वाटत होतं की यातून मार्ग निघेल.

मार्ग निघाला नाही. विमा कंपनीने नकार दिला, मालकाने हिशेब केला, आणि दोन-तीन महिन्यांत फुलांचं काम बंद झालं. टेबलं, इस्त्र्या, पाकळ्या कापायची यंत्रं ट्रकात घालून कुठेतरी नेली. कारखान्याला आग लागली नाही, कुणाला भाजलं नाही, कुणी दवाखान्यात गेलं नाही. सुरिनामच्या लोकांच्या दृष्टीने एवढंच झालं, की चांगलं चाललेलं काम एका कागदामुळे गेलं आणि त्या कागदावर आपल्याच गावच्या बाईची सही होती.

गणपतीला चंद्रावती नेहमीप्रमाणे भावाकडे गेली. दरवर्षी ती आदल्या दिवशी जायची, नारळ खवायला बसायची, कुंतीबरोबर उशिरापर्यंत काम करायची. त्या वर्षी गेली तेव्हा कुंतीने दारातच तिच्या हातातली पिशवी घेतली आणि खुर्ची पुढे केली. स्वयंपाकघरात बायका होत्या. त्यांत शेजारची बसंती होती. तिची मुलगी पुष्पावतीच्या शेजारच्या टेबलावर काम करायची. चंद्रावती आत गेली तर बायकांनी तिला जागा करून दिली, पण जे बोलणं चाललं होतं ते थांबलं. कुणी टोचून बोललं नाही. कुणी विषयही काढला नाही. बसंतीने नारळ स्वतःकडे ओढून घेतला आणि म्हणाली, "तुम्ही बसा. तुम्हाला सवय नसेल आता."

बसंती आजवर तिला 'तू' म्हणत आली होती.

जेवायला तिला पहिल्या पंगतीत बसवलं. वाढताना आग्रह केला, पोळीवर तूप जास्त घातलं. बाबूराव बाहेर पाहुण्यांशी बोलत राहिला. विसर्जनाला सगळे समुद्रावर गेले तेव्हा ती बायकांच्या मागून चालत होती आणि तिच्या आजूबाजूला चांगली दोन-दोन हात जागा मोकळी होती. पुष्पावती पुढे मैत्रिणींबरोबर होती. तिने एकदा वळून पाहिलं आणि पुन्हा पुढे बघितलं. संध्याकाळच्या बसने चंद्रावती क्युरपिपला परतली. पुढच्या वर्षी ती गेली नाही. कुणी का आली नाहीस म्हणून विचारलंही नाही.

त्यानंतरची वर्षं तिने कशी काढली याबद्दल ती फारसं बोलली नाही. रविवारी ती बाजारात जायची, भाजी घ्यायची, आणि परत येताना मुद्दाम लांबच्या रस्त्याने यायची, कारण खोलीत गेल्यावर दार लावलं की सोमवारपर्यंत कुणाशी बोलणं नव्हतं. घरमालकीण बहिरी होत चालली होती. पावसात छपराचा पत्रा वाजत राहायचा. कधीकधी ती स्वतःशीच गावच्या बोलीत काहीतरी म्हणून बघायची, आणि आवाज परका वाटला की गप्प बसायची. पिवळ्या गुलाबांची पेटी तिने बरेच दिवस न उघडता ठेवली आणि मग घरमालकिणीच्या नातीला देऊन टाकली.

पुष्पावती आली ती दीड-एक वर्षाने. क्युरपिपला स्वेटर विणायच्या कारखान्यात तिला कामासाठी बोलावलं होतं. ते आटपून, भिजलेल्या छत्रीसकट ती प्रयोगशाळेच्या दारात उभी राहिली. हरिप्रसादांनी आत बोलावलं, टॉवेल दिला, आणि ते आपण होऊन बाहेर गेले. आत्या-भाची थोडा वेळ पावसाबद्दल बोलल्या. मग पुष्पावती म्हणाली, "मला दाखव ना. तू काय पाहिलंस ते."

त्या थिनरची बाटली कपाटात होती. वादाचा प्रश्न आला तर असावी म्हणून थोडा जपून ठेवायचा नियम होता. चंद्रावतीने चंबू मांडला, खाली पाण्याचं भांडं ठेवलं, आणि बुडबुड्यांच्या माळा सुटल्यावर पुष्पावतीला भांड्यातल्या पाण्याकडे बघायला सांगितलं. चंबू उकळत होता आणि पाणी शांत होतं. त्याच्यावर एक बुडबुडा नव्हता. चहाचं पाणी याहून कितीतरी जास्त तापवावं लागतं. पुष्पावती वाकून बघत राहिली.

"आमच्या इस्त्र्या तर याहून खूप गरम असायच्या," ती म्हणाली.

"हो."

"टेबलाखाली आमचे पाय असायचे."

चंद्रावतीने विजेचं बटण बंद केलं. चंबूतली हालचाल हळूहळू थांबली. आता ही म्हणेल की तुझं बरोबर होतं, असं तिला वाटलं. मला सांगताना ती म्हणाली, की तिने त्या वाक्याची फार वाट पाहिली होती. पण पुष्पावती वेगळंच बोलली.

"तू खोटं लिहिलंस असं मी कधी म्हटलं नाही, आत्या. बाबा पण म्हटले नाहीत. पण मो ती कोंतां लाबा."

म्हणजे, मला तिथे आवडायचं. सरळ क्रिओलमध्ये म्हणाली, कारण मराठीत तिला ते सापडलं नसावं. मग तिने सांगितलं. बसंतीची मुलगी सुपरवायझरची नक्कल करायची, तेव्हा सगळं टेबल तोंड दाबून हसायचं. दुपारी डबे एकत्र उघडायचे, कुणाची भाजी कुणाच्या पोळीबरोबर जायची ते कळायचं नाही. एकीने गाणं सुरू केलं की पाकळ्या चिकटवता चिकटवता सगळ्या म्हणायच्या. घरी आई-बाबा आणि ऊस. तिथे पहिल्यांदा आपल्या वयाच्या इतक्या जणी रोज भेटत होत्या. आता कोणी कुठे, कोणी कुठे. या स्वेटरच्या कारखान्यात यंत्रांचा एवढा आवाज असतो, की शेजारची काय बोलते ते ऐकू येत नाही, असं तिथल्या एका मुलीने तिला आजच सांगितलं होतं.

चंद्रावतीने तिला इस्त्र्यांबद्दल विचारलं होतं, खिडक्यांबद्दल, डोकेदुखीबद्दल विचारलं होतं. त्या खोलीत दिवस कसा जातो, हे विचारायचं तिला सुचलं नव्हतं. तिची स्वतःची सगळी वर्षं अशा खोलीत गेली होती, जिथे कुणी गाणं म्हणत नव्हतं. ती पुष्पावतीला म्हणाली, "मला माहीत असतं तरी मी तेच लिहिलं असतं गो."

"माहीत आहे," पुष्पावती म्हणाली. तिने टॉवेल नीट घडी करून खुर्चीच्या पाठीवर ठेवला. बसपर्यंत दोघी एका छत्रीतून गेल्या. बस सुटल्यावर पुष्पावतीने खिडकीतून हात केला.

तिला स्वेटरच्या कारखान्यात काम मिळालं, आणि दोन वर्षांनी उत्तरेकडच्या सत्यदेव नावाच्या बस-कंडक्टरशी तिचं लग्न झालं. चंद्रावती लग्नाला गेली, आहेर देऊन, जेवून परतली. बाबूरावाने तिला बसपर्यंत पोचवायला कुणालातरी पाठवलं. स्वतः आला नाही.

तो आला १९८५ साली, न कळवता. एका दुपारी चंद्रावती काम करत असताना दारात उभा. पावसाने टोपी चिंब, हातात गोणपाटात गुंडाळलेली लिंबू सरबताची बाटली. केस सगळे पांढरे झाले होते. त्याने तिला हाक मारली नाही. बाटली टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "हे रॉकेल आहे. स्टोव्ह भडकला. कुंतीचा हात भाजलाय."

किती भाजलाय, ते तिने विचारलं. मनगटापर्यंत, पण भरतोय, असं तो म्हणाला. दुकानदार म्हणतो स्टोव्हच खराब. स्टोव्ह तर नवा आहे. तिने बाटलीचं बूच काढून लांबूनच वास घेतला आणि त्याला बाकावर बसायला सांगितलं. भांडी मांडताना ती त्याला समजावत गेली, की रॉकेल दीडशेच्या आत थेंब टाकत नाही, तेव्हा आपल्याला बराच वेळ बसावं लागेल. बाबूराव टोपी मांडीवर ठेवून बसला. पण बसावं लागलं नाही. पारा साठाच्याही खाली होता तेव्हाच नळकांडीतून पहिला थेंब पडला, मागोमाग दुसरा.

"लेसांस आहे यात," ती म्हणाली. गाडीत घालतात ते पेट्रोल. "कुणीतरी मिसळलंय, नाहीतर टाकी धुतली नाही. घरात असेल तेवढं बाहेर काढ. तुझ्या एकट्याचं नाही, त्या दुकानातून ज्यांनी ज्यांनी घेतलं असेल त्यांना सांग. आज सांग."

बाबूराव थेंबांकडे बघत होता. मग त्याने विचारलं, "त्या वेळी पण असंच होतं?"

"असंच."

"आणि तू बघत बसली होतीस, एकटी?"

"इथे कोण असतं दुसरं?"

त्याने खोलीभर नजर फिरवली. दोन टेबलं, काचेची भांडी, भिंतीवरचा वायुभारमापक, खिडकीबाहेरचं धुकं. तिने त्याला चहा करून दिला, पाव आणि लोणी दिलं, कुंतीच्या हाताला लावायला मलम दिलं. चार वाजायच्या आत तो निघाला, कारण गावात पोचून घरोघरी सांगायचं होतं. तो गेल्यावर चंद्रावतीच्या लक्षात आलं, की दोघांनी रॉकेलशिवाय कशाबद्दलही बोलणं केलं नाही, आणि तरीही कित्येक वर्षांत ती एवढं मराठी बोलली नव्हती. तिचा घसा दुखत होता.

बाबूरावाने त्या संध्याकाळी खरंच दारोदार जाऊन सांगितलं. लोकांनी डबे दुकानात परत नेले. दुकानदाराने आधी आरडाओरड केली, मग टाकी उपसून धुतली. त्यानंतर बाबूराव वर्षातून दोन-तीन वेळा क्युरपिपला येऊ लागला. कधी स्वतःचं काम असायचं, कधी नसायचं. येताना त्याच्याकडे लोकांच्या बाटल्या असायच्या. कुणाला शेतावरच्या फवारणीच्या औषधाचा वास वेगळा वाटायचा, कुणाला रंगाचा थिनर स्वस्तात मिळालेला असायचा, कुणाच्या कोठीत नाव गेलेला जुना डबा सापडायचा. हरिप्रसादांची परवानगी घेऊन चंद्रावती काम संपल्यावर त्या बघायची आणि भावाबरोबर तोंडी निरोप पाठवायची. हे वापरा, हे ओतून टाका, हे चुलीपाशी नेऊ नका.

अशा खूप बाटल्या आल्या. माणसं मात्र आली नाहीत. क्युरपिपला सुरिनामची माणसं रोज बसने यायची, बाजार करायची, कचेऱ्यांत जायची. प्रयोगशाळा बसथांब्यापासून हाकेच्या अंतरावर होती. चंद्रावतीने याबद्दल तक्रार केली नाही. माझ्या प्रश्नावर एवढंच म्हणाली, की पहिली एक-दोन वर्षं ती दाराकडे बघायची, नंतर बघायची सवय गेली.

एकदा बाबूरावाने आणलेल्या पिशवीत एक बाटली निघाली, जुन्या रुमालात गुंडाळलेली. बसंतीची, तो म्हणाला. तिच्या मुलाने कुठूनतरी डिंक पातळ करायचं काहीतरी आणलंय, घरात चपला दुरुस्त करायला. चंद्रावतीने ते संध्याकाळी मांडून पाहिलं, तेही लवकरच उकळलं. भाऊ बाकावर पेंगत होता. बाहेर पावसाची भुरभुर होती. झाल्यावर तिने चंबू धुतला, रुमालाची घडी घातली आणि बाबूरावाला उठवलं.

"बसंतीला सांग, दिवा लावायच्या खोलीत ठेवू नको म्हणावं. मागच्या पडवीत ठेव, सावलीत. आणि काम करताना खिडकी उघडी ठेव, वारा आला तर येऊ दे."

बाबूरावाने ते एकदा तिच्यासमोर म्हणून दाखवलं, विसरू नये म्हणून, आणि तो बस पकडायला गेला.